मिलचा संघ

लोटू पाटलाला फुटबॉलचं वेड लागलं ते वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, आणि तेही एकसुद्धा सामना न बघता.

झालं असं, की शहाण्णव सालच्या डिसेंबरात देशातल्या मोठमोठ्या क्लबांची नवी लीग सुरू झाली. लिंबायतच्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये लोटू सहा लूम सांभाळायचा. पाळी संपली की नाक्यावरच्या लारीवर चहा घ्यायचा आणि तिथलं गुजराती छापं पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचायचा. गुजराती त्याला कुणी शिकवलं नव्हतं. अमळनेरकडून सुरतेला आल्यावर दुकानांच्या पाट्या वाचून वाचून ती अक्षरं ओळखीची झाली होती. त्या दिवशी शेवटच्या पानावर लीगमधल्या संघांची नावं आली होती. कुणी गोव्याचा, कुणी कलकत्त्याचा, कुणी बँकेचा, कुणी विमान कंपनीचा. आणि त्यातच एक होता पंजाबातल्या कापड मिलचा.

लोटूने चहा खाली ठेवला. कापड मिलचा संघ? म्हणजे आपल्यासारखी माणसं?

शेजारच्या लूमवर निताई मंडल होता. बंगालचा, ईस्ट बंगाल क्लबवर जीव टाकणारा. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लोटूने त्यालाच गाठलं.

"निताईभाई, मिल की टीम के लडके लूम चलाते हैं क्या?"

निताई हसला. "अरे दादा, वो खेलते हैं. लूम क्यों चलाएंगे?"

"फिर मिल की टीम काहे की?"

निताईला आपल्या लाल-पिवळ्या क्लबापलीकडे फारसं काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची इच्छाही नव्हती. पण लोटूच्या डोक्यात तो प्रश्न कुसळासारखा रुतून बसला. पोरं दिवसपाळी करून खेळतात, की खेळून दिवसपाळी करतात? धागा तुटला तर सोडून येतात का? सामना हरले तर मुकादम बोलतो का? रोज छाप्यात त्या संघाचा निकाल तो आधी शोधायचा. जिंकला की त्या दिवशी स्वतःच्याच शेडने काहीतरी मिळवल्यासारखी त्याची मान ताठ व्हायची. बँकवाल्यांबद्दल त्याला आदर होता, गोव्याच्या संघांची भीती होती, कलकत्तेकरांचा हेवा वाटे. पण आपला म्हणावा असा एकच.

"तुमले काय करनं शे त्या बॉलनं?" मंगलाबाई, त्याची बायको, भाकरी थापता थापता म्हणाली. "आपला पोरे खेळतस का त्यामा?"

"तेच तर इचारनं शे," लोटू म्हणाला.

जानेवारीत छाप्यात आलं, की पंजाबचा तो संघ रविवारी मुंबईत खेळणार. लोटूने दोन दिवस कुणाला काही सांगितलं नाही. शनिवारी मंगलाबाईला म्हणाला, उद्याच्या चार भाकरी जास्त कर. तिने भाकरींबरोबर ठेचा आणि दोन कांदेही बांधले.

पहाटेच्या फ्लाईंग राणी गाडीने तो मुंबई सेंट्रलला उतरला. विचारत विचारत, अर्धं बसने आणि अर्धं पायी, दुपारी मैदानावर पोहोचला. गर्दी बेताचीच होती. लोटूने मुद्दाम खालची, जाळीजवळची जागा धरली. मैदान केवढं तरी मोठं, गवत हिरवंगार, आणि पोरं उंचीपुरी. त्यांच्याकडे बघताक्षणी त्याच्या मनात आलं, यांतलं एकही लूमवर उभं राहिलेलं नाही. लूमवाल्याचे खांदे पुढे आलेले असतात. यांची छाती बाहेर.

थोडा हिरमुसलाच तो. पण खेळ सुरू झाला आणि एक गंमत झाली. शेडमध्ये शंभर लूमांच्या खडखडाटात कुणाचा आवाज कुणाला ऐकू येत नाही. सगळं बोलणं ओठांवरून आणि हातांवरून चालतं. पंचवीस वर्षांत लोटूचे कान मंद झाले होते, पण डोळे तयार झाले होते. मैदानात पलीकडून गोलकीपर ओरडत होता, आणि आजूबाजूला कुणालाही ऐकू येत नसताना लोटूला ओठ वाचता येत होते. "पीछे देख! पीछे!" त्याच्या शेजारचा माणूस गोल हुकल्यावर हळहळला, लोटूला तो हुकणार हे आधीच कळलं होतं, कारण ज्याला बॉल द्यायचा तो पोरगा 'नको, नको' म्हणत होता.

मध्यंतरात पंजाबच्या बाकाजवळ एक म्हातारा सरदारजी पाण्याच्या बाटल्या गोळा करत होता. त्याचे खांदे पुढे आलेले. लोटू उठून उभा राहिला. लाऊडस्पीकरवर कसलंसं गाणं चाललं होतं, ओरडून उपयोग नव्हता. त्याने नुसते ओठ हलवले आणि दोन बोटांनी तुटलेला धागा गाठल्याची खूण केली.

सरदारजी थबकला. बाटल्या खाली ठेवल्या आणि तशीच गाठ मारून दाखवली. मग जाळीपाशी आला. दोघांमध्ये जाळी, पण बोलणं बिनआवाजाचं.

"कहां से?"

"सुरत. पावरलूम. आप?"

"वीव्हिंग. बाईस साल. अब कान गए, तो टीम का सामान देखता हूं."

लोटूने महिनाभर सांभाळलेला प्रश्न काढला. "ये लडके लूम चलाते हैं?"

सरदारजी गालात हसला. "नाम मिल के रजिस्टर में है. काम बस खेलने का. शेड में कोई नहीं जाता." मग त्याने एका बारीक, काळ्यासावळ्या पोराकडे बोट केलं. "वो सात नंबर, उसका बाप मेरे बगल के लूम पर था. बचपन में रोज बाप का डिब्बा लेके आता था. मिल में मॅच होता तो सारी शिफ्ट देखने जाती थी, मालिक भी."

शिट्टी झाली. सरदारजीने हात वर केला आणि बाकाकडे वळला. उत्तरार्धात लोटूने सात नंबरवरून नजर काढली नाही. पोरगा दोनदा पडला, एकदा चांगला सुटला, गोल मात्र झाला नाही. सामना बरोबरीत संपला, आणि लोटूला त्याचं काहीच वाटलं नाही.

सोमवारी निताईला त्याने सगळं सांगितलं. निताई म्हणाला, म्हणजे मी बरोबर होतो, लूम चालवत नाहीत. लोटू म्हणाला, अर्धा बरोबर. उन्हाळ्याआधी तीच मिल लीगची विजेती ठरली तेव्हा लोटूने शेडमध्ये पेढे वाटले. निताईने एक तोंडात टाकला आणि आपल्या लूमकडे वळला.

पण ते पुढचं. मुंबईहून परतल्या रात्री मंगलाबाईने शांतपणे सगळं ऐकून घेतलं होतं. लूम, रजिस्टर, सात नंबर, सरदारजीचे गेलेले कान. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "आन त्या सरदारनी बायको? ती काय करस? त्याना संगे गावोगाव फिरस का घरमाच ऱ्हास?"

एवढा लांब जाऊन लोटूचं हे विचारायचंच राहिलं होतं.

"मंग काय इचारं तुम्ही?" मंगलाबाई म्हणाली, आणि ताट पुढे सरकवून त्याच्या समोर ठाण मांडून बसली. "बरं, पह्यलेपासून सांगा."