यादीतलं आईचं नाव

आमच्या वॉर्डातलं देशी दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं, यावर बायकांचं मतदान घ्यावं म्हणून गेल्या वर्षी अर्ज फिरला होता. त्यावर आईची सही होती. आमच्या घरात पिणारं कोणी नव्हतं. आम्ही दोघीच राहायचो. मी तिला म्हटलं होतं, "तुला काय त्रास त्या दुकानाचा?"

"भांडी घासायला येते तिच्या पाठीला विचार," ती म्हणाली, आणि सावकाश, एकेक अक्षर बसवत तिनं नाव लिहिलं.

मतदानाची तारीख लागली तेव्हा आई जाऊन चार महिने झाले होते. मी कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला जात होते, परत येत होते. दोन दिवस कोणाशी बोलले नाही तरी चालून जात होतं. मतदानालाही जाणार नव्हते.

मतदारयादीचं काम बघणारी अंगणवाडीची बाई एका रविवारी दारात आली. सौंदडकडची, बोलायला फटकळ.

"मॅडम, आईचं नाव काऊन नाही कापलं अजून? फॉर्म भरून द्या."

"राहू द्या ना. कोणाचं काय अडतंय?"

ती ओट्यावर बसली. "अडते ना. दुकान बंद करायचं तं यादीतल्या अर्ध्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला पाहिजे. आलेल्या बायकांच्या अर्ध्या नाही, यादीतल्या. जे येत नाही, तिचं मत उभ्या बाटलीच्याच कामी पडते." मग म्हणाली, "जित्तेपणी त्या दुकानवाल्याले कधी नमस्कार नाही केला तुमच्या आईनं. आता मेल्यावर त्याच्या बाजूनं उभी होऊन राहिली बाई."

मला हसू आलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. तिलाही आलं, आणि पिशवीतून कोरा फॉर्म काढून तिनं माझ्या हातात दिला.

फॉर्म मी एका पुस्तकात ठेवला आणि आठवडाभर ते पुस्तक उघडलं नाही. रेशनकार्डावरून, गॅसच्या पुस्तकावरून आईचं नाव मीच काढलं होतं, न रडता. पण मतदारयादीत आम्ही दोघी अजून शेजारी होतो. आधी तिचा चौकोन, मग माझा. दर निवडणुकीला त्याच क्रमानं जायचो. बाहेर आल्यावर ती माझं बोट हातात घेऊन शाई बघायची आणि म्हणायची, "तुझी पुसट लागली." आम्ही एका घरात राहत होतो हे सांगणारा तेवढाच एक कागद उरला होता, आणि त्यावरून तिला पुसायचं काम माझ्याकडेच आलं होतं.

फॉर्म न भरता घरी बसले असते तर कोणी बोललं नसतं. पण मग तिनं सावकाश लिहिलेल्या त्या सहीच्या विरुद्ध दोन मतं या घरातूनच गेली असती; एक तिचं, एक माझं.

आठव्या दिवशी फॉर्म भरला. 'अर्जदाराचे मृताशी नाते' या रकान्यात 'मुलगी' लिहिलं आणि मृत्यूचा दाखला जोडून अंगणवाडीत नेऊन दिला. बाईनं तो दोनदा वाचला. "चहा घेता का मॅडम?" एवढंच म्हणाली.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या खोलीत माझ्या पुढे एक मोकळी जागा सोडून मी उभी होते. मागची म्हणाली, "सरको ना दीदी, आगे." मी सरकले. टेबलावरच्या यादीत आईच्या चौकोनावर तिरपा शिक्का होता, 'वगळले'. खालचं नाव स्पष्ट वाचता येत होतं. मतपत्रिकेवर दोन बाटल्या होत्या, एक उभी, एक आडवी. आडवीवर शिक्का मारला.

संध्याकाळी भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, "मॅडम, आडवी झाली बाटली. थोडक्यात झाली, पण झाली."

"बरं झालं," मी म्हटलं. आणखी काही बोलावं असं वाटलं, पण ती आत गेली होती. दिव्याखाली बोट धरून पाहिलं. शाई चांगली गडद लागली होती.