गल्लीचा फ्रिज

सकाळची पोथी झाली की मी रोजची वही लिहायला बसते. आज वहीत समोरच्या गोदाकाकू आहेत.

काका गेल्यापासून त्या एकट्या आहेत. अमोल, त्यांचा मुलगा, पुण्याला नोकरी करतो. काकूंचं माहेर रिद्धपूरचं, घराणं महानुभाव. भेटल्या की नमस्कार नाही, 'दंडवत' म्हणतात, आणि दुसऱ्या देवाचा प्रसाद घेत नाहीत. मी मात्र सगळ्या देवांची. त्यावरून आमची थट्टा चालते. "तुह्ये देव इतके, त्याईचे नावं तरी ध्यानात राह्यतात का वं?" असं त्या मला विचारतात.

अमोलनं त्यांना दोन दारांचा मोठा फ्रिज पाठवला. काकूंनी तो बंदच ठेवला. आत तूरडाळ, शेवया, वाळवलेल्या कुरडया, खालच्या कप्प्यात दोन चादरी. मी विचारलं तर म्हणाल्या, "एकटीचं काय उरते वो माय? दोन पोया, वाटीभर भाजी. रिकामं कपाट थंडं करून काय करू? उंदीर शिरत नाई, तेवढंच बस झालं."

मे महिन्यात एका दुपारी कोपऱ्यावरच्या डीपीची न्यूट्रलची तार तुटली. घरातले दिवे एकदम पांढरेफटक पेटले, पंखा विमानासारखा घरघरला आणि मग जळका वास. आमचा फ्रिज गेला, टीव्ही गेला, कूलरची मोटर गेली. बाहेर येऊन पाहते तर सगळी गल्ली आपापल्या दारात उभी. संध्याकाळी तार जोडली, वीज आली, पण जळलेलं ते जळलेलंच. किशोर मेकॅनिक घरोघरी फिरून सांगत होता, "वहिनी, सगळ्याईच्या फ्रिजाचे कार्ड उडाले. सामान नागपूरवरून येईन तवा होईन. मले रोज फोन करून काई फायदा नाई."

अमरावतीचं मे महिन्यातलं ऊन. सकाळचं दूध दुपारी फाटायचं. त्यात शिवणकाम करणारी हमिदा ओल्या फडक्यात डबा गुंडाळून गल्लीत उभी. डब्यात तिचं इन्सुलिन. बर्फाच्या दुकानाकडे निघाली होती.

गोदाकाकूंनी ओट्यावरून हटकलं. "काय लपवून नेऊन राह्यली वं?"

"इन्सुलिन आहे, खाला. गरम झालं की बेकार होते. तुमचा फ्रिज..."

"माह्या फ्रिजाले काय झालं? तो चालूच नव्हता त जयीन कसा?" म्हणत काकू आत गेल्या. काकूंनी आणि मी डाळ, शेवया, चादरी बाहेर काढल्या. प्लग लावला. आतला दिवा लागला तशी काकू स्वतःच दचकल्या.

हमिदा दारातच थांबली होती. "खाला, गोश्त-वोश्त काही नाही ठेवत मी. तेवढी फिकीर नका करू."

"ठेवशीन त तुलेच बसवीन त्यात," काकू म्हणाल्या, आणि डबा स्वतःच्या हातानं मधल्या कप्प्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली आली. दुधाची पातेली, विरजण, इडलीचं पीठ, कैरीचं पन्हं. स्टीलचे डबे, प्रत्येकावर कोरलेली नावं. माझ्याकडच्या सत्यनारायणाचा शिरासुद्धा गेला. काकूंनी तो डबा दोन बोटांनी धरला. "ठेवतो. पण मले आग्रह करू नको."

त्या दिवसांतल्या गोदाकाकू मी आधी कधी पाहिल्या नव्हत्या. सकाळीच आंघोळ करून चांगलं लुगडं नेसायच्या, दार सताड उघडं ठेवायच्या. कोणाच्या घरी काय शिजतं हे त्यांना आता डब्यांवरून कळायचं. "तुह्या घरी दोडका कोणी खात नाई वाट्टे. कालचाच डबा आज परत आला." आणि कोणी दूध घेऊन लगेच निघालं की, "बस ना वं. दूध काय पयून चाललं?" चहा व्हायचा. गप्पा व्हायच्या. मला उशीर झाला की घरी हे म्हणायचे, "दूध आणायले गेली होती का काढायले?"

मग किशोरचं सामान आलं. तो एकेक घर उरकू लागला. काकू त्याला ओट्यावरून हाका मारायच्या. "उनाचा काहून पयून राह्यला रे? ये, ताक पी."

"काकू, लोकं जीव खाऊन राह्यले माहा."

"खाऊ दे. तू ताक पी. अन् हमिदाचा कवा होते?"

"तिचा कॉम्प्रेसरच गेला. नवा घ्या लागते तिले."

"मंग त वेळ लागीन," काकू म्हणाल्या आणि त्याचा पेला पुन्हा भरला.

आमचा फ्रिज सुरू झाला त्या दिवशी मी माझं सगळं घेऊन आले, डबे न मोजताच. बाकीच्यांनीही नेलं. कोणी ताट भरून काही दिलं, कोणी नुसतंच 'बरं झालं तुम्ही होत्या' म्हटलं. शेवटी हमिदाचा नवा फ्रिज आला. ती इन्सुलिनच्या बाटल्या ओल्या फडक्यात न्यायला आली तेव्हा मी तिथंच होते.

"बहोत उपकार झाले, खाला."

"उपकार कायचे? पण राहू दे ना अजून दोन-चार रोज. नव्या फ्रिजाचा भरोसा काय?"

हमिदा हसली. तिला ती थट्टा वाटली. मीही हसले.

त्यानंतर समोरचं दार पुन्हा लोटलेलं दिसू लागलं. मला जाता-येता दिसायचं. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. भजनी मंडळ होतं, लोणच्याचा घाट होता. गेले ती कामानंच गेले. दह्याचा डबा सापडेना, सासूबाईंच्या नावाचा.

काकू पलंगावर बसल्या होत्या. "फ्रिजात पाह्य," एवढंच म्हणाल्या.

मी दार उघडलं. फ्रिज सुरू होता. आत खायचं म्हणून काही नव्हतं. घासूनपुसून लख्ख केलेले डबे तेवढे ओळीनं लावलेले, नावं पुढे करून. प्रत्येक घरचा एकेक. हमिदाचा, तिच्या नवऱ्याचं, नियाजभाईंचं नाव कोरलेला, मधल्या कप्प्यात. माझा त्याच्या खाली.

"काकू, हे सगळे इथंच राहिले?"

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "राह्यले नाई. म्याच ठेवले. म्हटलं, डबा इचारत येतीन एखाद्या दिवशी." मग म्हणाल्या, "घरोघरी डबे बम झाले वाट्टे. कोणाले कमी पडला नाई."

मी माझा डबा बाहेर काढला, पाहिला, आणि परत जागेवर ठेवला.

"काहून? तुहाच आहे ना थो?"

"आज राहू द्या, काकू. उद्या येते न्यायला."

"उद्या सकायी का दुपायी?"

"सकाळी. पोथी झाली की."

"पक्कं सांग. म्हंजे तसं दूध घेतो."

पक्कं म्हणून सांगितलं. उंबऱ्याशी चप्पल घालताना विचारलं, "हमिदाला सांगू का, तिचा डबा इथं आहे म्हणून?"

"सांगू नको," काकू म्हणाल्या. "आठवण आली त येईन."