यंत्र खोटं निघावं म्हणून

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. कामाच्या ठिकाणी मला धीट समजतात, कारण मी दिवसभर लेसर आणि अणूंशी खेळते. पण अणूंना कसलं घाबरायचं? घाबरायचं ते माणसांना, आणि त्यातही आपल्या माणसांना.

आमचं यंत्र हृदयाचं चुंबकत्व मोजतं. प्रत्येक ठोक्याला हृदयातून इवलीशी वीज धावते आणि तिच्याभोवती इवलंसं चुंबकत्व उमटतं. काचेच्या कुपीत रुबिडियमचे अणू कोंडून त्यांच्यावर लेसरचा प्रकाश टाकला, की ते अणू त्या चुंबकत्वानं किंचित डोलतात आणि पडद्यावर लाट दिसते. अंगाला तारा चिकटवायला नकोत, की सुया टोचायला नकोत. पुण्याच्या प्रयोगशाळेत, जाड धातूच्या बंद खोलीत, हे सगळं झकास चालायचं. पण बंद खोलीतलं क्वांटम विज्ञान कोणाच्या कामाचं? ते बाहेर धुळीत, मोटरपंपाशेजारी, रेल्वेशेजारी चाललं पाहिजे. बैठकीत मीच तोंड वर करून म्हणाले, "माझ्या गावी नेऊ."

आधी जवळच्या सौसरला चाचणी झाली, ठीक झाली. मग माझ्या गावी, पांढुर्ण्यात, आमच्या वस्तीतल्या विहाराचा हॉल मिळाला. पलीकडेच रेल्वेची मेन लाइन. गाडी आली की पडद्यावरच्या लाटा वेड्यावाकड्या नाचायच्या. ती तिगावच्या दिशेनं निघून जाईपर्यंत आम्ही चहा प्यायचो. लोखंडी पलंग चालणार नव्हता, म्हणून आईनं घरची नवारीची लाकडी बाज आणून दिली. बायका मात्र दारातच उभ्या, आत यायला कोणी तयार नाही. आई पालिकेतून रिटायर झालेली, वस्तीत तिचा शब्द चालतो. ती पदर खोचून पुढं झाली.

"कायले भेता वो? माह्या पोरीची मशीन हाय, खात नाही कोणाले," म्हणत ती बाजेवर आडवी झाली.

बायका हसल्या. मीही हसले आणि पडद्याकडं पाहिलं.

ठोक्याची मोठी लाट व्यवस्थित होती. तिच्यामागून एक लहान लाट येते, हृदय पुढच्या ठोक्यासाठी सावरतं तेव्हाची. सौसरला सगळ्यांची ती वर उठली होती. आईची खाली गेली होती.

"गाडी असेल," मी पुण्याहून आलेल्या सहकाऱ्याला म्हणाले. गाडी नव्हती. मग आईच्या बांगड्यांत अडकवलेल्या सेफ्टी पिना दिसल्या आणि मला केवढा आनंद झाला! लोखंड! पिना काढल्या. मंगळसूत्रही काढायला लावलं. शेजारच्यांचा मोटरपंप बंद करवला, त्यांनी दोन शब्द सुनावले, तेही गोड वाटले. कुपी बदलली. लाट खालीच.

इतकी वर्षं आम्ही एकेक चूक अशीच हुडकून काढली होती, आणि चूक सापडली की टाळ्या वाजवायचो. त्या दुपारी मी चूक शोधत नव्हते, भीक मागावी तशी मागत होते. यंत्र खोटं निघू दे, सगळी मेहनत पाण्यात जाऊ दे, मी पहिल्यापासून सुरुवात करीन, असं मी खरोखर मनात म्हणत होते.

"काय झालं, पोरी?" आईनं विचारलं.

"मशीन बिघडून राहिली जराशी," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून तिला गावातल्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी ईसीजी काढला. "बिलकुल नॉर्मल है," ते म्हणाले. आई चप्पल घालून तयारच. माझाही जीव भांड्यात पडायला हवा होता. पण ईसीजीत सगळंच दिसत नाही, म्हणून तर आमचं यंत्र हवं, असं मी प्रत्येक भाषणात मोठ्या ऐटीत सांगत आले होते. आता तेच वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं. नागपूरला नेलं तर अजून सिद्धही न झालेल्या यंत्राच्या भरवशावर तिच्या हातातून हृदयापर्यंत नळी घालणार. नाही नेलं तर काय होईल, याचा विचारही करवेना.

दवाखान्याबाहेर मी तिला धरलं. "माय, खरं सांग. दम लागते का तुले?"

"स्टेशनच्या पुलावर मधात थांबते मी. लोकायले वाटते, गाड्या पाहून राहिली."

"मंग मले काऊन नाही सांगितलं?"

"तू धावत आली असती. तुहं काम अर्धं राहिलं असतं."

मला इतका राग आला, की भर रस्त्यात मी तिच्यावर ओरडले. मग तिथूनच नागपूरची गाडी ठरवली.

हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. नागपूरच्या डॉक्टरांनी पडद्यावर दाखवली. अजून उशीर झाला असता तर, एवढं बोलून ते थांबले. मी पुण्याला फोन केला तेव्हा तिकडं कोणीतरी आधी टाळ्या वाजवल्या, मग एकदम सगळे गप्प झाले. त्यांना दोष देत नाही. यंत्र बरोबर निघालं होतं. आईला सांगितलं, तर तिचा चेहरा उजळला. आत नेताना स्ट्रेचरवरून ती शेजारच्या बाईला सांगत होती, "माह्या पोरीच्या मशीननं धरलं बरं." ती आत गेली आणि मी भिंतीला टेकून रडले.

स्टेंट बसला. आई घरी आली, हळूहळू हिंडूफिरू लागली. मग पुण्याहून निरोप आला, की आता तिचं पुन्हा मोजमाप हवं, त्याशिवाय पहिल्याला अर्थ नाही. बरोबरच होतं ते. पुन्हा विहाराचा हॉल, पुन्हा बाज, आणि तिच्यावर आई. मी उगाचच तारा तपासत बसले. एक गाडी जाऊ दिली, मग मागून मालगाडी येत होती, तीही जाऊ दिली. पहिल्या वेळी निदान यंत्रावर खापर फोडता आलं होतं. आता ते खरं सांगतं हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणून त्याची जास्त भीती वाटत होती.

"लाव ना, पोरी. कव्हाची झोपून राहिली मी."

मी बटण दाबलं. पडद्यावर उजेड आला तशी मी मान फिरवली आणि तिच्या तोंडाकडं पाहत राहिले.

"काय म्हणते मशीन?" तिनं विचारलं.

मी अजून पाहिलंच नव्हतं.