गुणाकाराच्या आधी

आमच्या जिन्याच्या वळणावर एक कपाट उभं आहे. बाबांनी ते हौसेने आणलं आणि मग दाराशी टेकवून पाहिलं. दार बोटभर कमी पडलं. आत्या वरच्या पायरीवरून म्हणाली, "दादा, आधी मोजायचं असतं रे." तेव्हापासून बाबा तिला मोजपट्टी म्हणतात, आणि कपाटात शेजाऱ्यांच्या छत्र्या राहतात.

आत्या औषधाचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात आहे. सलाइनमधून औषध किती वेगाने जावं हे ठरवणारी, रुग्णाच्या खाटेशी उभी राहणारी ही यंत्रं. त्यांचं बूटलोडर आत्याच्या गटाकडे. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागा होणारा हा छोटा प्रोग्राम. मुख्य प्रोग्राम आपलाच आहे ना, कुणी बदललेला नाही ना, हे पाहून मगच तो यंत्र त्याच्या हवाली करतो. "दारावरचा माणूस," आत्या म्हणते. "तोच फितूर झाला तर संपलंच."

यंदा हॉस्पिटलांनी हट्ट धरला, पंप सुरू होताना पडद्यावर आमचं बोधचिन्ह दिसू दे. चित्र पेनड्राइव्हवरून घ्यायचं ठरलं. ते किती रुंद, किती उंच, हे फाइलमध्येच लिहिलेलं असतं. बूटलोडर दोन्हींचा गुणाकार करतो, तेवढी जागा राखतो आणि ठिपके भरतो. आत्याला खोट सापडली ती इथेच.

"समज, यंत्राकडे आकडा लिहायला चारच घरं आहेत," तिने मला समजावलं. "शंभर गुणिले शंभर?"

"दहा हजार."

"डावीकडचा एक मावत नाही, गळून पडतो. उरतात चार शून्यं. जागा राखली शून्य आणि ठिपके ओतायचे दहा हजार. ते शेजारी सांडणार. शेजारी बूटलोडरच्या स्वतःच्याच सूचना असल्या तर?"

खऱ्या यंत्रात घरं जास्त असतात, एवढंच. तिने तसं एक चित्र मुद्दाम बनवलं होतं. पाहायला नुसता करडा धुरळा, पण ठिपक्यांत औषध ढकलणारी मोटर फिरवायची सूचना लपवलेली.

गटातला सगळ्यात वेगाने काम उरकणारा मुलगा, ज्याला सगळे एक्स्प्रेस म्हणतात, त्याने माल निघायच्या दिवशी सकाळीच दुरुस्ती केली: गुणाकार ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठा आला तर चित्र नाकारायचं. एक थोराड चित्र लावून पाहिलं, नाकारलं गेलं. आत्याने वाचलं, "छान" म्हणाली आणि जेवायला गेली.

डब्याचं झाकण उघडता उघडता तिला कपाट आठवलं. एक्स्प्रेसने आधी गुणाकार केला होता आणि मग मोजलं होतं. आकडा गळून शून्य झाल्यावर मोजून काय उपयोग? शून्य तर कुठल्याही मर्यादेत बसतं.

डबा तसाच ठेवून ती शेवटच्या तपासणीच्या खोलीत धावली. तिथे माल बाहेर पडण्याआधी चिपमधला एक फ्यूज कायमचा जाळतात. त्यानंतर बूटलोडर कुणालाच बदलता येत नाही, चोराला नाही आणि आपल्यालाही नाही. फ्यूज जाळायला दोन कार्डं लागतात, एक साहेबांचं, एक आत्याचं. साहेबांचं आधीच फटीत होतं.

"या ताई. कार्ड द्या."

"आज नाही, साहेब."

"बाहेर ट्रक उभा आहे!"

"त्याला चाकं आहेत, उद्याही जाईल. जळलेला फ्यूज परत येत नाही."

"ताई, तुम्हीच तर छान म्हणालात," तिच्या मागोमाग आलेला एक्स्प्रेस कुरकुरला.

"म्हणाले. चुकले."

"पण इतकं वेडंवाकडं चित्र लावणार तरी कोण?"

"मी," आत्या म्हणाली. खिशातून पेनड्राइव्ह काढून तिने एका पंपाला लावला आणि बटण दाबलं.

पडदा पांढरा झाला. मग कुणी काही न सांगता पंपाची मोटर फिरू लागली.

साहेबांनीच शेवटी बटण बंद केलं. "पुढच्या मालात सुधारू. हॉस्पिटलमध्ये पेनड्राइव्ह घेऊन कोण फिरतंय?"

"हा माल कुणाच्या तरी खाटेशी उभा राहणार आहे."

"वर मी काय सांगू?"

"एक बाई अडून बसलीय, सांगा."

"मग कार्ड दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल, ताई."

"द्या. तोवर ते माझ्या गळ्यात आहे."

ट्रक रिकामा गेला. आत्याने एक्स्प्रेसच्या शेजारी खुर्ची ओढली. "गुणाकार करायचाच नाही. मर्यादेला रुंदीने भाग. जे येईल त्याहून उंची जास्त असेल, तर तिथूनच परत पाठव."

तो लिहू लागला आणि मध्येच थांबला. "रुंदीच शून्य लिहिलेली असली तर? शून्याने भागायचं?"

आत्याने डबा त्याच्यापुढे सरकवला. "खा आधी. आता मोजायला लागलास."

दुसऱ्या दिवशी त्याच धुरळ्यावर पंपाने सांगितलं, चित्र नाकारलं. मोटर गप्प. रुंदी शून्य लिहिलेलं चित्रही परत गेलं. आत्याने आणखी काही वाकडी चित्रं लावली, साहेब घड्याळ पाहत राहिले. मग तिने गळ्यातलं कार्ड काढून फटीत सरकवलं.

साहेबांनी शब्द पाळला. पुढच्या मालाला दुसरं कार्ड एक्स्प्रेसच्या गळ्यात होतं. बाबांनी चिडवलं, "मोजपट्टी, घेतलं ना काढून?" आत्या नुसती हसली. त्या दिवशी दुपारी एक्स्प्रेस तिच्या टेबलाशी आला होता. ट्रक बाहेर उभा होता, साहेब हाका मारत होते.

"ताई," तो म्हणाला, "तुमचं ते वेडंवाकडं चित्र द्या ना."