बाईंनी उभा केलेला राजा

कुलकर्णी बाई वर्गात आल्या की आधी कुणाचं तरी कोपर चाचपत. "वा! काय सांधा आहे!" दागिन्याचं करावं तसं कौतुक! शिकवत शास्त्र, पण आमच्या निबंधांतही नाक खुपसत. "आधी सांगाडा उभा कर गं, मांस मग चढव." चिकलठाण्यात शाळेशेजारी इमारत उठत होती. तिचे नुसते खांब उभे असताना बाईंनी अख्खी नववी कुंपणाशी नेली. "बघून घ्या! भिंती आल्या की हे दिसायचं नाही!"

तेव्हा सलग दोन वर्षं दुष्काळ होता. पहिल्याच वर्षी शाळेचे शिपाई सखाराममामा यांचा बैल राजा खुलताबादजवळच्या त्यांच्या गावी मेला. मामांनी त्याला शेतातच पुरलं. वर्षभरानं बाईंनी भीतभीत त्याची हाडं शाळेसाठी मागितली. मामांनी हातातला झाडू भिंतीला टेकवला.

"लई धडपडला, बाई. शेवटचे आठ दिवस उठलाच नाय. न्या हाडं, पण त्याला उभा करा."

बाईंनी शब्द दिला. पोत्यातून राजा आला. प्यायलाच टँकरचं पाणी, धुणार कशानं? आम्ही दात घासायच्या ब्रशांनी हाडं कोरडीच घासली. घरी आई किंचाळली. शेजारच्या इमारतीच्या मुकादमानं सळया नि तार दिली, आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या सकाळी राजा चार पायांवर उभा होता!

मामा आले. त्यांनी राजाच्या खांद्यावरून हात फिरवला आणि थांबले.

"बाई, पुढचे पाय उलटे बसलेत. उजवा डावीकडं गेलाय."

पाहुणे फाटकाशी आलेले. हेडसर खुणावत होते, राहू द्या. खरं सांगते, मलाही वाटलं, कुणाला कळणार आहे? बाईंनी मात्र पदर खोचला. स्वतःची चूक सापडल्याचा एवढा आनंद झालेलं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

"सोडा रे तारा! मामा, तुम्ही सांगा, मी बांधते!"

पाहुण्यांनाच त्यांनी बरगड्या धरायला लावल्या. हेडसरांच्या हातात शेपटी!

बाई यंदा गेल्या. मला त्या त्याच सकाळच्या आठवतात, केसांत माती, बोटांना तारेचे ओरखडे. शेवटचा पीळ देऊन त्या म्हणाल्या, "आता सगळ्यांनी हात सोडा."

आम्ही सोडले. राजा हलला नाही.

मामांनी त्याच्या कपाळावर तळवा ठेवला.

"उठला की रं."