ओठ जागा होईपर्यंत

काष्टीला बाजारतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा दातांचा दवाखाना आहे. तिथं एका दुपारी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे एक गृहस्थ आले. पन्नाशी उलटलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट. खालच्या जबड्यातल्या डाव्या बाजूच्या तीन दाढा पडलेल्या. त्या जागी बसवून घेतलेली कवळी त्यांनी खिशातल्या रुमालातून काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"फुंक मारली की ही उठती, मॅडम. तिकडं नवरी मांडवात यायली, अन् हिचा माझ्या तोंडात येगळाच नाच."

हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्के दात लावतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी साधा एक्स-रे काढला. हाडाची उंची बरी दिसत होती. तरी मी त्यांना नगरला जाऊन जबड्याचा थ्रीडी स्कॅन काढून आणायला सांगितलं.

"आता काढला की फोटो. अजून कशाला?"

"मामा, हा फोटो म्हणजे सावली आहे. तुमच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते. ती इथं लहान दाढांच्या खाली बाहेर पडते आणि ओठात, हनुवटीत पसरते. ती नेमकी कुठून जाते ते सावलीत कळत नाही. तिला ड्रिल लागलं तर ओठ बधिर होतो. कधी भरून येतं, कधी कायमचं राहतं."

क्लॅरिनेट वाजवताना खालचा ओठ दातांवर दुमडून त्यावर वाद्याच्या तोंडाची वेताची पट्टी टेकवतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांनी ते बोटानं करून दाखवलं आणि म्हणाले, "मग जातो नगरला."

ते स्कॅन घेऊन आले, तेव्हा तो नेहमीसारखा रात्री बघायला न ठेवता मी ते समोर बसलेले असतानाच उघडला. संगणकावर जबड्याचे पातळ काप एकामागून एक बघता येतात. मागच्या दाढेपाशी नस खोल होती, तिथं अडचण नव्हती. पुढं मात्र ती बाहेर पडण्याआधी हाडातच थोडी सुळ्याच्या दिशेनं जाऊन परत मागं वळली होती. एक्स-रेवरून दोनपैकी पुढचा स्क्रू मी जिथं बसवायचं धरलं होतं, त्याचं टोक या वळणात जात होतं. असं वळण काही जणांना असतं. मी नसेच्या वाटेवर तांबडी रेघ ओढली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

"ही हाय व्हय ती?" त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. "मग आता न्हाई करायचं?"

"करायचं. पुढचा स्क्रू आखूड घेऊ. नस आणि स्क्रू यांच्यात हाड राहील."

स्क्रू बसवायच्या दिवशी मी ड्रिलला ठरलेल्या खोलीच्या पुढं जाऊ न देणारा स्टॉपर लावला, तरी मध्ये दोनदा थांबून एक्स-रे घेतला. काम सरळ झालं. टाके घातले, गोळ्या लिहून दिल्या, घरी जायला सांगितलं. ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

"जाईन की. ओठ जागा झाल्यावर जाईन."

भूल उतरायला वेळ लागतो, हे मी आधी सांगितलं होतं, पुन्हा सांगितलं. ते हलले नाहीत. मी पुढचे पेशंट घेतले. दार उघडलं की ते दिसायचे, हनुवटीला बोट लावून बसलेले. स्कॅनप्रमाणे नस सुरक्षित होती, तरी प्रत्येक वेळी माझी नजर आधी त्यांच्या बोटाकडे जात होती. बाहेर एक बाई त्यांना विचारत होती, लई दुखतंय का. ते म्हणाले, "दुखत न्हाई, त्येच वंगाळ हाय."

बाहेरचे दिवे लागायच्या सुमारास ते आत आले. "कोपऱ्याला मुंग्या आल्यात."

मी त्यांना डोळे मिटायला लावून कापसाचं टोक ओठावर फिरवलं. "हितं. आता हितं. आता हनुवटीला." सगळी उत्तरं बरोबर आली. त्यांनी डोळे उघडले, पाणी मागितलं आणि मोटारसायकलवरून गेले.

हाडानं स्क्रू पक्के धरायला काही महिने गेले. मग दात बसवले. नव्या दातांनी वाजवलेल्या पहिल्या लग्नानंतर ते सांगायला आले. सूर पहिल्यासारखा लागत नव्हता. तोंडातली जागा बदलल्यामुळे फुंक पुन्हा बसवावी लागत होती. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. येताना ते बँडमधल्या ढोलवाल्याला घेऊन आले होते. त्याची वरची दाढ हलत होती, नुसती उपटायची होती.

"याच्या नसंचा बी फोटो काढा," ते म्हणाले.

"याला गरज नाही, मामा. ती नस खालच्या जबड्यात असते, याची दाढ वरची आहे."

"बघा बरं," असं म्हणून ते खुर्चीशेजारी उभे राहिले आणि दाढ निघेपर्यंत माझ्या हाताकडे बघत होते.