शेड सोडलेला आरसा

गॅरेजात त्याला सगळे आरसा म्हणत. त्याने रंगवलेल्या गाडीच्या बॉनेटमध्ये बघून भांग पाडता येतो, अशी त्याची ख्याती होती. गिऱ्हाइकं गाडी उभी करून सांगून जात, "आरसा मोकळा झाला की मगच हात लावा."

त्याच्या बायकोला मात्र आठवतो तो त्याचा वास. लग्न नवीन होतं तेव्हा तो जिना चढायला लागला की त्याच्या आधी थिनरच वर पोचायचा. कानामागे, नखांत दिवसभराचा रंग राहून गेलेला असायचा. ती तो बघून विचारायची, "आज निळी गाडी वाटतं?"

"निळी काय म्हणतेस? मोरपंखी! रंगाऱ्याची बायको ना तू?" असं म्हणत तो रॉकेलने हात पुसायचा. तेव्हा तिला तो वास अत्तराहून गोड वाटे.

ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून गॅरेजातल्या रंगकामाच्या शेडची दारं-खिडक्या कायम बंद असत. आत कॉम्प्रेसरची घरघर आणि रंगाचं धुकं. तोंडाला एक हातरुमाल बांधला की झालं. संध्याकाळी घरी येऊन तो नाक शिंकरायचा, तेव्हा रुमालावर शेवटच्या गाडीचा रंग उतरायचा. "आतूनही पॉलिश झालोय बघ," तो म्हणायचा आणि दोघं पोट धरून हसायची.

वर्षं गेली, पण पाळणा हलला नाही. सासूबाई तोंडावर काही बोलत नसत, भांड्यांना ऐकवत. "आमच्या घरात भांडीच तेवढी वाजतात, बाकी सगळं शांत!" ती खालमानेनं तीच भांडी पुसत राही. तपासण्याही तिच्याच झाल्या. सुया, औषधं, पथ्यं, सगळं तिने निमूट सोसलं. अखेर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्यात काही दोष नाही. आता यजमानांना आणा."

हे ऐकून तो उखडला. "मला काय धाड भरलीय? अख्ख्या गाडीला एका दमात रंग मारतो मी!"

"दमाचं कोण विचारतंय? अहो, मी इतक्या सुया टोचून घेतल्या. तुम्हाला तर सुईसुद्धा नाही."

काही दिवस तसेच गेले. मग एका सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "चल."

शुक्राणू कमी निघाले आणि जे होते तेही सुस्त. बाईंनी विचारलं, "काम काय करता?" त्याने सांगितलं.

"तोंडाला मास्क?"

"रुमाल असतो."

"रुमालाने वाफ अडत नाही. ती श्वासातून रक्तात जाते आणि रक्त काय, सगळीकडे फिरतं."

"म्हणजे ह्या रंगानेच...?"

"रंगानेच, असं छातीठोक नाही सांगत. पण संशयाला जागा आहे. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. तेवढे तरी शेडपासून लांब राहा, मग पुन्हा बघू."

घरी पोचला आणि चपला न काढताच भाजी निवडणाऱ्या आईसमोर उभा राहिला.

"आई, हिला पुन्हा काही ऐकवू नकोस. दोष माझ्यात निघालाय."

"अरे, हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. इतकी वर्षं हिच्याबद्दल ऐकतच होते की."

ती दाराशीच खिळली होती. लग्नाच्या दिवशीसुद्धा हा माणूस इतका देखणा दिसला नव्हता, असं ती अजून सांगते.

शेड सोडणं त्याच्या जिवावर आलं. मालकाने त्याला सीटकव्हर शिवायला बसवलं. पहिलीच शिवण बघून तिथला म्हातारा कारागीर म्हणाला, "आरसा, ही सीट आहे का भोपळा?" दुसऱ्याने मारलेल्या रंगातले ओघळ दिसले की त्याला तिथे बसवत नसे. घरी येताना आता त्याला साबणाचाच काय तो वास असे. ती त्याचा जुना डगला चोरून हुंगायची, मग स्वतःवरच चिडायची. त्या वासाने काय केलं असेल ते ठाऊक असूनही त्यात तिचे पहिले दिवस होते, ते कसे टाकून देणार?

पुढच्या तपासणीत आकडे सुधारले, पण फार नाही. तरी तो शेडकडे वळला नाही. बरीच वाट बघितल्यावर एका सकाळी तिला चहाचा वास सहन होईना. मुलगी झाली.

"हे शेड सोडल्यामुळेच झालं, असं मी लिहून देणार नाही हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"लिहून मागतंय कोण, बाई?" तो म्हणाला.

नंतर त्याने शेडमधल्या रंगाऱ्यांना आपली गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली. काही जण फिदीफिदी हसले. एक जण मात्र मागाहून हळूच डॉक्टरांचा पत्ता विचारून गेला.

सासूबाई नातीला मांडीवरून खाली ठेवायला तयार नसत. एका दुपारी त्या सुनेला म्हणाल्या, "मी तुला फार बोलले गं."

"हो, बोललात," ती म्हणाली आणि मुलीचं घसरलेलं टोपडं तिने सरळ केलं.